५० एचपीचे हेड, २० टनांची डबल ट्रॉली : ओढेल, पण थांबेल का?

ट्रॅक्टर घेताना शोरूममध्ये विचारला जाणारा पहिला प्रश्न 'किती एचपी?' असतो. उसाची ट्रॉली ओढायची असेल, तर या प्रश्नाच्या उत्तराने निम्मेही काम होत नाही. चढ, उतार, टायर, ब्रेक आणि कागदपत्रे यांचे साधे गणित समजून घ्या.

गाळप हंगाम सुरू झाला की शहादा, तळोदा, नंदुरबार आणि नवापूर तालुक्यांतले रस्ते ट्रॉल्यांनी भरून जातात. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा तापी परिसर, समशेरपूरचा खासगी कारखाना आणि डोकारेचा आदिवासी साखर कारखाना या तीन दिशांना ऊस जातो. ट्रॅक्टर एकच असतो आणि मागे दोन ट्रॉल्या. ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा उसाच्या वाढ्यांमागे लपलेला. अशी जोडी अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर रात्री समोर आली, की कारवाला आपोआप वेग कमी करतो.

ऊस वाहतुकीचा करार करण्यासाठी, किंवा वर्षभर मुरूम, विटा, सिमेंट आणि कापूस वाहण्यासाठी जिल्ह्यात दरवर्षी नवे ट्रॅक्टर घेतले जातात. बहुतेक कर्जावर. चुकीचा ट्रॅक्टर घेतला तर हप्ता, क्लच प्लेट आणि डिझेल यांत हंगामाची कमाई निघून जाते. आणि घाटात चूक झाली तर हप्त्याचा प्रश्नच उरत नाही.

एचपी म्हणजे नेमके काय?

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, खूर बघतो, चाल बघतो, चार वेळा फिरवून आणायला सांगतो. तोच माणूस ट्रॅक्टर घेताना बॉनेटवरचा आकडा बघून बयाणा देतो, हे थोडे गमतीचे आहे. कारण एचपी म्हणजे शेवटी घोड्याचीच ताकद. वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याशी करता यावी म्हणून जेम्स वॉटने हे माप रूढ केले. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट.

पण हे माप ताकदीचे कमी आणि कामाच्या गतीचे जास्त आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलले, की साधारण एक एचपी खर्च झाली. तेच वजन दोन सेकंदांत उचलले तर अर्धी एचपी पुरते. म्हणजे कमी एचपीचे इंजिनही योग्य गिअर असेल तर मोठे वजन हलवू शकते, फक्त हळू. ट्रॉली हलेल की नाही हे चाकावर पोहोचणारा जोर ठरवतो. ती कोणत्या वेगाने चालेल हे एचपी ठरवते.

म्हणून माहितीपत्रकात एचपीच्या शेजारी टॉर्कचा आकडा शोधा. ५० एचपीचे इंजिन २१०० आरपीएमवर सुमारे १७० न्यूटन-मीटर टॉर्क देते. चढ लागला की आरपीएम खाली येतात. तेव्हा टॉर्क वाढला पाहिजे, नाहीतर इंजिन गुदमरते आणि चालकाला भर चढात गिअर बदलावा लागतो. या वाढीला 'बॅकअप टॉर्क' म्हणतात. तो २० ते ३० टक्के असेल तर ओढकामाला इंजिन बरे. सारख्या एचपीच्या दोन ट्रॅक्टरांत चढावर जो फरक जाणवतो, तो बहुतेक वेळा इथला असतो.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करता येईल असे गणित

समजा दोन ट्रॉल्यांत मिळून १६ टन ऊस आहे, रिकाम्या ट्रॉल्या ४ टन आणि हेड २ टनांच्या थोडे पुढे. एकूण २२ टन.

सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरवत ठेवायला एकूण वजनाच्या साधारण २ टक्के ओढ लागते. चढ असेल तर चढाची टक्केवारी त्यात मिळवायची. सूत्र असे : एकूण टन × (२ + चढाची टक्केवारी) × १० = लागणारी ओढ, किलोमध्ये.

सपाटीवर २२ × २ × १० म्हणजे ४४० किलो. ताशी २० किलोमीटर वेगाने एवढी ओढ द्यायला चाकावर ३३ एचपी लागतात. ५० एचपीच्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स आणि एक्सलमधला तोटा वजा जाता चाकावर ४० च्या आसपास पोहोचतात. म्हणजे प्रकाशा ते शहादा पट्ट्यातल्या सपाट रस्त्यावर काम निभते. म्हणूनच 'आपला ट्रॅक्टर २० टन सहज ओढतो' असा समज पक्का होतो.

आता ५ टक्के चढ घ्या. म्हणजे १०० मीटर जाताना ५ मीटर वर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगराळ भागातल्या रस्त्याला नेहमीचा चढ एवढाच धरला आहे, त्यामुळे हे काही अतिशयोक्त उदाहरण नव्हे. २२ × ७ × १० म्हणजे १५४० किलो ओढ. सपाटीच्या साडेतीन पट. वेग ताशी ७ किलोमीटरवर येतो. इंजिन मात्र अजून हरलेले नाही, खालच्या गिअरमध्ये ते ओढू शकते.

हरतात ते टायर. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये ओढ फक्त मागच्या दोन चाकांतून मिळते. हेडच्या वजनापैकी साधारण दोन-तृतीयांश, म्हणजे १४००-१४५० किलो या चाकांवर असते. ओढताना ट्रॅक्टर मागे दबतो, म्हणून आणखी तीनेकशे किलो मिळतात. कोरड्या डांबरावर टायरची पकड चाकावरच्या वजनाच्या पाऊणपट धरली, तर जास्तीत जास्त ओढ निघते १३०० किलोंच्या थोडी पुढे. हवी होती १५४०. चाक जागेवर फिरते आणि ट्रॉली तिथेच थांबते.

ट्रॅक्टर ६० एचपीचा घेतला, पण वजन आणि टायर तेच राहिले, तर काय होईल? चाक आणखी जोरात फिरेल, एवढेच.

मग वजन वाढवायचे कसे?

मागच्या चाकांना लोखंडी वजने लावता येतात. टायरमध्ये पाणी भरता येते. १४.९-२८ मापाच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरले तर एका चाकामागे दोनशे लिटरच्या आसपास वजन वाढते, खर्च जवळपास नाही. काळ्या जमिनीत नांगरट करायची असेल तेव्हा हेच वजन माती दाबते, म्हणून हंगाम संपल्यावर पाणी काढून टाकणे बरे. ट्रॅक्टर वर्षभर ओढकामालाच असेल तर १३.६ ऐवजी १४.९ किंवा १६.९ रुंदीचे मागचे टायर घ्यावेत.

पुढच्या बंपरवरच्या वजनांकडे बरेच जण शोभा म्हणून बघतात. चढावर मागची ट्रॉली हेडला मागे ओढते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. ती वजने त्यासाठी आहेत.

फोर व्हील ड्राइव्हचा फायदा इथेच दिसतो. अशा ट्रॅक्टरचे वजन अडीच टनांच्या आसपास असते आणि ते सगळे ओढणाऱ्या चाकांवर पडते. अडीच टनांची पाऊणपट पकड म्हणजे पावणेदोन टनांच्या वर ओढ. त्याच चढावर हा ट्रॅक्टर निघून जातो. किमतीत लाखभराचा किंवा जास्त फरक पडतो. पाणी दिलेल्या फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढायची असेल, तर हा फरक लवकर वसूल होतो, कारण फसलेली ट्रॉली काढायला दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही. मात्र कोरड्या सपाट डांबरावर फोर व्हील चालू ठेवून पळवले तर पुढचे टायर झिजतात. फडात आणि घाटात चालू, हमरस्त्यावर बंद.

फसलेली ट्रॉली काढताना होणारी एक चूक जिवावर बेतते. साखळी किंवा दोर ड्रॉबारच्या वर, थ्री-पॉइंट लिंकेजच्या वरच्या टोकाला किंवा सीटमागे बांधला जातो. ओढ जितकी उंचावरून तितके पुढचे तोंड लवकर उचलते. ट्रॅक्टर मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत, चालकाला क्लच दाबायला वेळ मिळत नाही. दोर नेहमी खालच्या ड्रॉबारलाच बांधायचा.

चढ जमला, उताराचे काय?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे, आणि शोरूममध्ये त्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते.

नवापूरकडून धुळ्याला जाताना कोंडाईबारी घाट लागतो, पिंपळनेरकडे चरणमाळ. अक्कलकुव्याहून मोलगीला जायला देवगोई, तळोद्याहून धडगावला चांदसैली, शहाद्याहून वर तोरणमाळ. धडगाव, मोलगी भागात सिमेंट, विटा, लोखंड, खत सगळे घाट चढूनच जाते आणि रिकामी किंवा भरलेली ट्रॉली घाट उतरूनच येते.

बहुतेक टू व्हील ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. म्हणजे २२ टन थांबवायचे काम दोन टायरांवर. त्या दोन टायरांची पकड, वरच्याच हिशेबाने, हजार-एक किलो.

एकटे हेड ताशी ३० किलोमीटर वेगात असेल तर ७ मीटरमध्ये थांबते. मागे ब्रेक नसलेल्या, २० टनांच्या दोन ट्रॉल्या असतील तर सपाट कोरड्या रस्त्यावर तेच अंतर ५० मीटरच्या पुढे जाते. चालकाला ब्रेक दाबायला लागलेला एक सेकंद धरला तर आणखी ८ मीटर.

५ टक्के उतारावर ताशी २० किलोमीटरच वेग असला, तरी थांबायला ८० मीटरपेक्षा जास्त लागतात. कारण टायरच्या हजार किलो पकडीतली साडेसहाशे किलो पकड ट्रॉली नुसती धरून ठेवण्यातच खर्च होते. पाऊस पडून डांबर ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली, तर हिशेब सरळ आहे : ब्रेक पूर्ण दाबले तरी वेग वाढतच जातो. चाके लॉक होतात, मागची ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला ढकलते, पुढची हेडला ढकलते, आणि वळणावर हेड आडवे होते. अपघातानंतर 'ब्रेक फेल' अशी नोंद होते. वरच्या हिशेबात मात्र ब्रेक एकदाही फेल झालेला नाही, त्याला थांबवता येईल त्यापेक्षा जास्त वजन त्याच्या मागे होते.

तुलनेसाठी दहा चाकी ट्रक घ्या. २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरील वजनमर्यादा वाढवल्यानंतर तीन एक्सलच्या ट्रकला एकूण २८.५ टनांची परवानगी आहे. त्याचे इंजिन दोनशे एचपीच्या आसपास असते आणि हवेचे ब्रेक सगळ्या चाकांवर लागतात. तो फडात शिरू शकत नाही, म्हणून ऊस ट्रॅक्टरवर येतो. पण फडातून बाहेर पडल्यावर २२ टनांची ही जोडी ट्रकच्याच रस्त्यावर, ट्रकच्याच गर्दीत चालते.

म्हणून ट्रॉली घेताना ब्रेक असलेली घ्या. हेड ढकलले गेले की आपोआप लागणारे ओव्हररन ब्रेक, हायड्रॉलिक ब्रेक आणि हवेचे ब्रेक असे प्रकार आहेत. हवेचे सर्वांत चांगले, पण त्यासाठी ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि टाकी लागते. जो माणूस ट्रॅक्टरवर म्युझिक सिस्टिम, झुंबर आणि रेडियमवर मोकळ्या हाताने खर्च करतो, त्याला ट्रॉलीच्या ब्रेकचा खर्च जड वाटावा, हे काही पटत नाही.

चालकाच्या हातात असलेल्या गोष्टीही आहेत. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकासाठी ब्रेकचे वेगवेगळे पेडल असतात, शेतात जागेवर वळता यावे म्हणून. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल जोडणारे लॉक लावलेच पाहिजे, नाहीतर पाय एकाच पेडलवर पडून ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय तर थेट धोक्याची आहे. इंजिनाचा रोध सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि वेग वाढल्यावर गिअर पुन्हा पडत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचे. घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर असतानाच तो टाकून ठेवायचा.

शोरूममध्ये काय विचारायचे?

अमेरिकेत पिकअप ट्रकची ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवायला एसएई जे२८०७ हे मानक आहे. त्यात अ‍ॅरिझोनातील डेव्हिस डॅमजवळच्या लांब चढावर ट्रेलरसह गाडी ठराविक वेगाने चढली पाहिजे, अशी अट आहे. आपल्याकडे चांदसैली घाटात कोणी ट्रॅक्टरची चाचणी घेत नाही. पण एक गोष्ट आहे, जिचा उपयोग फारच थोडे खरेदीदार करतात.

मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यात बुदनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टर मॉडेलची चाचणी होते आणि अहवाल प्रसिद्ध होतो. इंजिनाची प्रत्यक्ष मोजलेली शक्ती, वाढीव वजनासह आणि त्याशिवाय ड्रॉबारवर मिळालेली सर्वाधिक ओढ, ब्रेकची कामगिरी, डिझेलचा खप हे सगळे त्यात असते. विक्रेत्याला 'या मॉडेलचा बुदनीचा रिपोर्ट दाखवा' असे विचारा. ड्रॉबार पुलचा आकडा वरच्या सूत्रातल्या उत्तराशी ताडून पाहा. ही चाचणी काँक्रीटच्या ट्रॅकवर होते, त्यामुळे फडात तेवढी ओढ मिळणार नाही हेही लक्षात ठेवा.

एक्सलबद्दल विचारा. चाकाजवळ प्लॅनेटरी रिडक्शन असलेले हेवी ड्युटी एक्सल ओढकामात जास्त टिकते. ब्रेक तेलात बुडालेले आहेत का, हे पाहा. ड्राय ब्रेक घाटात लवकर तापतात. खालच्या वेगात गिअर किती आहेत, हेही महत्त्वाचे. भरलेली ट्रॉली जागेवरून हलवताना योग्य गिअर नसेल तर चालक अर्धा क्लच धरतो, आणि हंगामाच्या मध्यात प्लेट जळते.

५० एचपीच्या सीमेवर एक वेगळेच गणित आहे. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषण मानक लागू झाले. त्यामुळे या गटात कॉमन रेल इंजिने आली आणि किमती चढल्या. कंपन्यांची अनेक मॉडेल ५० च्या किंचित खाली थांबतात, त्याचे कारण हे आहे. ४९ आणि ५२ एचपीतला फरक ओढताना फारसा जाणवत नाही, बिलात जाणवतो. इंजेक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री धडगावात मिळेल का, याचाही विचार करावा लागतो. वाचलेले पैसे फोर व्हील किंवा ट्रॉलीच्या ब्रेकवर घातले तर जास्त कामाला येतील.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५ वर आला. जुन्या दरपत्रकावर सौदा करू नका. अनुदानासाठी अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अडचण येते.

ट्रॉली भरण्याची पद्धत

दोन चाकी ट्रॉलीचे थोडे वजन हुकावर, म्हणजे हेडच्या मागच्या चाकांवर यायला हवे. एकूण वजनाच्या दहा टक्के हा साधारण अंदाज. माल मागे जास्त भरला तर ट्रॉली हुक वर उचलते, मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली डोलायला लागते. चार चाकी ट्रॉली स्वतःचे वजन स्वतःच पेलते, हेडला त्यातून पकड मिळत नाही. हुकाच्या पिनला क्लिप हवी आणि शेजारी सुरक्षा साखळी. पिनच्या जागी सळईचा तुकडा घातलेला हंगामात कुठेही दिसतो.

आणि बोट ओढायची असेल तर?

प्रश्न नंदुरबारला विचित्र वाटेल, पण सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली, आणि नर्मदाकाठी आजही माणसे, धान्य, रुग्ण बोटीनेच ये-जा करतात. तिथे तरंगता दवाखाना आहे, बोट रुग्णवाहिका आहेत. दुरुस्तीसाठी बोट वर काढायची झाली की वजन कमी असूनही काम अवघड होते. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर काठावर गाळाचा उतार राहतो आणि ओढणारी चाके नेमकी त्यावर येतात. ट्रॅक्टर कोरड्या, कठीण जमिनीवर उभा करून लांब दोराने बोट ओढणे, हाच तिथला शहाणा मार्ग आहे. दोर ड्रॉबारलाच, हे वेगळे सांगायला नको.

कागदपत्रांत काय तपासायचे?

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते. तिच्या आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते, भरायचा माल त्यावरून ठरतो. मर्यादेपेक्षा जास्त वजन भरले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे २ हजार. दोन टन जास्त म्हणजे २४ हजार, शिवाय जादा माल उतरवून घ्यावा लागतो.

परवान्याबद्दल गावोगावी गैरसमज आहेत. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या चालकाने मागे ट्रॉली जोडली म्हणून त्याचा परवाना निरुपयोगी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात स्पष्ट केले. साडेसात टनांपर्यंतच्या वाहनांना हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही शिक्कामोर्तब केले.

विम्याचे मात्र तसे नाही. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आणि तिचा हप्ता वेगळा भरलेला हवा. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने मुरूम किंवा विटा वाहत असेल, तर दावा अडकू शकतो. ट्रॉलीत माणसे बसवली, मग ते लग्नाचे वऱ्हाड असो की उसतोडीला निघालेली टोळी, तर त्यांच्या भरपाईचा बोजा मालकावर येण्याची शक्यता मोठी. पॉलिसी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये येते. तिच्यात 'ट्रेलर' या शब्दासमोर रक्कम लिहिली आहे की शून्य, ते हंगामाची पहिली खेप भरण्याआधी उघडून पाहा.